मदत हवी आहे : एकावर एक ठेवलेले ठोकळे, घर्षणाची दिशा नक्की कुठली?

मंडळी, भाची फोंड्याला अकरावी सायन्सला आहे. तिनं विचारलेल्या गणितात मामा अडकलाय.

गुळगुळीत जमिनीवर ३ किलोचा ठोकळा, त्यावर २ किलोचा. दोघांमधला घर्षण गुणांक ०.४, गुरुत्वत्वरण १० धरायचं. खालच्याला १५ न्यूटननं ओढलं तर दोन्ही मिळून ३ च्या त्वरणानं जातात आणि मधलं घर्षण ६ न्यूटन. ‘गुणांक गुणिले वजन म्हणजे ८ का नाही?’ हे मी निभावलं. ८ ही कमाल मर्यादा, वरच्याला ३ चं त्वरण द्यायला ६ पुरतात.

पण वरच्या ठोकळ्यावर घर्षणाचा बाण पुढे काढलाय. घर्षण गतीला विरोध करतं ना? शिवाय खालच्याला ओढलं तर २० न्यूटनपर्यंत दोघे एकत्र राहतात, वरच्याला ओढलं तर १३.३ पर्यंतच. ठोकळे तेच, मग मर्यादा वेगळी कशी?

डिचोलीकर : चिऱ्यांचा ट्रक सुटताना बघा. वरच्या थरातल्या चिऱ्याला पुढे कोण नेतं? त्याच्याखालचा चिराच, आणि तो नेणार घर्षणानंच. घर्षणाचा विरोध दोन पृष्ठभागांच्या आपसातल्या सरकण्याला असतो. खालचा निसटून पुढे जाऊ बघतो, म्हणून वरच्यावर बाण पुढे आणि खालच्यावर तेवढाच मागे. भाचीला दोन्ही ठोकळे सुटे काढून बाण दाखवायला लावा, एकत्र चित्रात हे कधीच कळत नाही.

मर्यादेचं म्हणाल तर, ज्याला तुम्ही ओढत नाही त्याला फक्त घर्षण हलवतं, तेही फार तर ८ न्यूटन. तो २ किलोचा असेल तर त्वरण ४, दोघांना मिळून ५ × ४ = २० न्यूटन. ३ किलोचा असेल तर त्वरण ८/३, म्हणून १३.३.

धागाकर्ता : देव बरें करूं! आणि खालच्याला २६ नं ओढलं तर?

डिचोलीकर : सरकणार. गतिज गुणांक (सरकायला लागल्यावरचा घर्षण गुणांक) पण ०.४ धरला तर वरचा ४ नं, खालचा (२६ − ८)/३ = ६ नं. जमिनीवरून बघाल तर वरचाही पुढेच जातोय, फक्त मागे पडतोय. जमिनीलाही घर्षण दिलं असेल तर तिथली लंब प्रतिक्रिया (जमीन ठोकळ्याला वर ढकलते तो जोर) दोन्ही ठोकळ्यांच्या वजनाची, ५० न्यूटन घ्या, ३० नव्हे. पेपरात पोरं मार्क घालवतात ते तिथंच.