मदत हवी आहे: लिनक्सवर फाइल शोधायला चपळ काय?

विंडोज सोडून लिनक्सवर येतोय. टोटल कमांडर या फाइल मॅनेजरची सवय काही सुटत नाही. दोन्ही बाजूंना एकेक फोल्डर, एफ५ दाबलं की कॉपी, एफ६ला फाइल पलीकडे. १९८६च्या नॉर्टन कमांडरपासून चालत आलेली ही मांडणी मला अजूनही सगळ्यात शहाणी वाटते. (दिसते जुनाट, मान्य.) त्यासाठी लिनक्सवर तसाच डबल कमांडर टाकलाय, बरा आहे.

खरी अडचण शोधाची. विंडोजवरचं एव्हरीथिंग हे फाइल शोधायचं सॉफ्टवेअर एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टिमची) फाइल-यादीच थेट वाचतं, म्हणून अक्षर टाइप करताच निकाल समोर. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमवर इतकं चपळ काय आहे? एफसर्च हे लिनक्सचं शोध-अ‍ॅप रोज वापरणारं कुणी आहे का? नवी फाइल लगेच दिसते की इंडेक्स (त्याने साठवलेली फाइल-यादी) पुन्हा बनवावा लागतो? टर्मिनलच्या कमांड सुचवू नका, प्लीज.