स्टीमबोट गीझर, येलोस्टोनचे भूकंप आणि आपलं उनपदेव

केळीपट्टा_विज्ञान:
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या नववीच्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू आहे. विषय घेतलाय अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले गीझर, म्हणजे जमिनीतून अधूनमधून उसळून उडणारे गरम पाण्याचे झरे. तीन गोष्टी नक्की करायच्या आहेत. एक, वर्षानुवर्षं गप्प असलेला स्टीमबोट गीझर अचानक वारंवार उडू लागला आणि तिथे भूकंपही होत असतात, म्हणजे खालचा ज्वालामुखी जागा होतोय का? दोन, आडवदजवळच्या उनपदेवचं गरम पाणी कधी असं उडू शकतं का? तीन, टेबलावर मावेल आणि खरोखर उडेल असं गीझरचं मॉडेल कसं करायचं? व्हिनेगर-सोड्याचं नको, त्यातून मुलं चुकीचं शिकतात.

खडकवाचक:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तारखांमध्येच आहे, सर. स्टीमबोट हा नॉरिस खोऱ्यातला, जगातला सर्वांत उंच उडणारा चालू गीझर. मोठ्या उत्सर्जनात पाणी ९० मीटरच्या वर जातं. १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षं तो मोठा उडालाच नव्हता. १५ मार्च २०१८ ला पुन्हा सुरू झाला. त्या वर्षी ३२ वेळा, २०१९ आणि २०२० मध्ये प्रत्येकी ४८ वेळा उडाला, मग २०२१ मध्ये २० आणि २०२२ मध्ये ११ इतका उतरला.

आता याच्याशेजारी भूकंप मांडा. ३० मार्च २०१४ ला नॉरिसजवळच ४.८ तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर स्टीमबोट उडाला तो थेट सप्टेंबरमध्ये, एकदाच, आणि मग साडेतीन वर्षं शांत. २०१७ च्या जून ते सप्टेंबरमध्ये उद्यानाच्या पश्चिम कडेला सुमारे २,४०० लहान भूकंपांची माळ लागली, तेव्हाही तो उडाला नाही. येलोस्टोनमध्ये एरवीही वर्षाला १,५०० ते २,५०० भूकंप नोंदले जातात. इतक्या गर्दीत कोणत्याही उत्सर्जनाच्या आगेमागे एखादा भूकंप सापडणारच, त्यावरून नातं जोडता येत नाही.

पण मोठा भूकंप गीझरांची नळयंत्रणा बदलतो, हे मात्र पक्कं. १७ ऑगस्ट १९५९ ला उद्यानाच्या पश्चिमेला हेब्गेन लेकचा ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक साधे झरे उडायला लागले. बिस्किट बेसिनमधलं सफायर पूल हे शांत कुंड काही वर्षं जोरदार गीझर होऊन बसलं. ३ नोव्हेंबर २००२ ला तीन हजार किलोमीटरवरच्या अलास्कात ७.९ चा भूकंप झाला, त्याच्या लाटांनीसुद्धा येलोस्टोनच्या काही गीझरांचं वेळापत्रक हललं. कारण सरळ आहे: लाट जाताना भेगा उघडतात, बुजतात, साठलेली सिलिका (वाळूत असतं ते खनिज) निखळते, पाण्याची वाट बदलते. त्यात नवा लाव्हा लागत नाही.

ज्वालामुखी खरंच जागा होतोय असं म्हणायला जमिनीचा फुगवटा वेगाने वाढणं, भूकंप एका जागी गोळा होऊन उथळ होत जाणं आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचं प्रमाण बदलणं, हे सगळं एकत्र दिसावं लागतं. एकटा गीझर याचा पुरावा नव्हे. उलट २०१५ नंतर कित्येक वर्षं तिथल्या कॅल्डेराची, म्हणजे जुन्या उद्रेकाने बनलेल्या प्रचंड खोलगटाची, जमीन वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर खचत होती.

तापीकाठ:
मुलांना भूकंपाचा आलेख दाखवणार असाल तर नॉरिसजवळच्या ‘वायएनएम’ या भूकंपमापक केंद्राचा घ्या, स्टीमबोटच्या उत्सर्जनाची थरथर त्यात उमटते. भूकंपाची सुरुवात तीक्ष्ण असते, मग शेपूट विरत जातं, सगळं काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत संपतं, आणि शेजारच्या चार-पाच केंद्रांवरही तेच दिसतं. गीझरची थरथर एकाच केंद्रावर असते, हळूहळू जाड होते आणि बराच वेळ टिकते. स्टीमबोटचा पाण्याचा टप्पा काही मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत चालतो, त्यानंतर वाफ कित्येक तास निघते. वारा आणि वाहनं यांनीही आलेख जाड होतो, म्हणून गीझरचं पाणी वाहून जातं त्या ओहळातल्या तापमापकाची नोंद सोबत बघा. पाणी खरंच वाहिलं असेल तर तापमान झपकन चढलेलं दिसतं.

एक चूक हमखास होते. आलेखावरची वेळ स्थानिक आहे की जागतिक प्रमाणवेळ, ते आधी बघा. जागतिक असेल तर आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवा. येलोस्टोनची स्थानिक वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, हिवाळ्यात साडेबारा. तारीखही बदलते.

खडकवाचक:
दुसरा प्रश्न. उनपदेव उडणार नाही. गीझरला तीन गोष्टी लागतात: उथळ आणि प्रचंड उष्णता, भरपूर पाणी, आणि दाब धरून ठेवणारी अरुंद नळी. नॉरिसला एका संशोधन विहिरीत अवघ्या ३३० मीटरच्या आसपास खोलीवर २३७ अंश तापमान मिळालं. तिथल्या रायोलाइट या सिलिकायुक्त ज्वालामुखी खडकातून विरघळलेली सिलिका भेगांना आतून लिंपते, म्हणून नळी दाब धरते. आपल्याकडचा दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची उष्णता कधीच निवाली. सातपुड्याच्या पायथ्याशी नर्मदा-तापीच्या भ्रंशरेषा आहेत. पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वाटेत ते उकळत नाही, त्यामुळे उडवायला वाफच नसते.

भूकंपाने झऱ्याचा प्रवाह किंवा तापमान बदलू शकतं, ही शक्यता मात्र खरी. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सव्वासहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला होता, म्हणजे हा पट्टा अगदी निजलेला नाही. म्हणून मुलांकडून नोंदवही सुरू करून घ्या. यापेक्षा चांगला प्रकल्प चोपड्यात बसून होणार नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तासाला जा. तापमान गोमुखाच्या तोंडाशीच घ्या, कुंडात नाही, कुंडातलं पाणी निवलेलं असतं. लांब काडीचा डिजिटल तापमापक एक मिनिट धरून तीन वाचनं घ्या. आधी तो वितळत्या बर्फात शून्य दाखवतो का ते तपासा. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते तेही तीनदा मोजा. शेजारी पावसाची नोंद ठेवा, कारण पावसाळ्यात वरचं गार पाणी मिसळून तापमान उतरतं आणि कोणालाही ते भूकंपाचं वाटेल. पायथ्याच्या बझाडा (डोंगरातून वाहून आलेल्या गाळाच्या) पट्ट्यात बोअरचा उपसाही मोठा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात प्रवाह घटला तर आधी तिकडे बघा. वर्षभराचा पाया नसेल तर एका दिवसाच्या फरकाला काही अर्थ नाही.

प्रयोगवही:
मॉडेलबद्दल, सर. एक लिटरचं बोरोसिलिकेट शंकूपात्र, एका भोकाचं रबरी बूच, एक मीटर लांब आणि आतून ६ ते ८ मिलिमीटरची काचनळी, वर मध्यभागी भोक पाडलेली ॲल्युमिनियमची परात, खाली १,००० वॉटची हॉटप्लेट. पात्रात ९०० मिलिलिटर गरम पाणी भरा, नळीही वरपर्यंत भरा, परातीत बोटभर पाणी ठेवा. पात्रात खापरीचे चार-पाच तुकडे टाका, नाहीतर पाणी शांत राहून एकदम उसळतं.

हे का उडतं ते मुलांकडून गणित करून घ्या. एक मीटर पाण्याच्या दाबाने तळाचा उत्कलनबिंदू सुमारे अडीच-पावणेतीन अंशांनी वाढतो. पहिले बुडबुडे नळीतलं पाणी वर ढकलतात, दाब उतरतो आणि तळाचं पाणी आता जास्तीचं तापलेलं ठरतं. त्या जास्तीच्या उष्णतेने ९०० ग्रॅमपैकी जेमतेम साडेचार ग्रॅम पाण्याची वाफ होते, पण तिचं आकारमान सात लिटरपेक्षा जास्त भरतं. एवढी वाफ पेन्सिलीएवढ्या बारीक नळीतून बाहेर पडायला बघते.

बिघाड बहुतेक नळीत असतो. नळी २० मिलिमीटरची घेतली तर गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असं फिरत राहतं, नुसतं खदखदतं, उडत नाही. बुचातून वाफ गळाली तरी तेच. परातीचं वजन बुचावर टाकू नका, स्टँडला स्वतंत्र क्लॅम्प लावा. उडाल्यावर परातीतलं गार पाणी नळीतून खाली येतं, त्या झटक्याने साधी काच तडकते, म्हणून बोरोसिलिकेटच हवं. नळीचं वरचं तोंड कधीही झाकू नका, प्रेशर कुकरचा प्रयोग तर अजिबात नको. समोर पॉलिकार्बोनेटचा पत्रा, डोळ्यांना चष्मे, मुलं दोन मीटर लांब.

केळीपट्टा_विज्ञान:
सगळ्यांचे आभार. नळी एक मीटरऐवजी दीड मीटर केली तर जास्त उंच उडेल का?

प्रयोगवही:
तळ जास्त तापतो, त्यामुळे जोर वाढतो आणि दोन उत्सर्जनांमधला वेळही वाढतो. पण नळी मध्ये डुलते, तिला दुसरा क्लॅम्प लागेल. आधी एक मीटरवर पाच-सहा उत्सर्जनांच्या वेळा लिहून घ्या, मग लांबी बदला.