मदत हवी आहे: तेजीतल्या टार्गेट भावाची उलट तपासणी

नॅस्डॅक हा अमेरिकेतला तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर निर्देशांक १० मार्च २००० ला ५०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १११४ वर. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचा धंदा नंतरही वाढला, पण तिच्या शेअरचा २००० मधला भाव कित्येक वर्षं परतला नाही. म्हणून ब्रोकरचं टार्गेट (पुढे भाव कुठे जाईल हा त्याचा अंदाज) बाजूला ठेवून उलटं गणित मांडलंय: आजचा भाव योग्य ठरायला नफा किती वाढावा लागेल? समजा एका शेअरचा आजचा पीई (भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा) ८०, दहा वर्षांनी २०, हवा असलेला परतावा वर्षाला १२ टक्के, लाभांश धरलेला नाही. म्हणजे भाव ३.१ पट, प्रतिशेअर नफा १२.४ पट; सलग दहा वर्षं सुमारे २८.६ टक्के वाढ! दरवर्षी २ टक्के नवे शेअर निघाले तर एकूण नफ्याची वाढ ३१ टक्के लागते.

अडचण शेवटच्या, म्हणजे दहा वर्षांनंतरच्या पीईची आहे. मागच्या दहा वर्षांच्या पीईचा मध्यक (मधला आकडा) घेतला तर तेजीचीच वर्षं त्यात शिरतात. पोलाद-सिमेंटमध्ये तर नफा शिखरावर असताना पीई स्वस्त दिसतो. तुम्ही कोणता आकडा धरता, आणि का?