आईच्या आरोग्य विम्यातील खोलीभाड्याची मर्यादा

प्रश्न: आईचे वय ६७ असून तिला मधुमेह आहे. पाच लाखांच्या दोन पॉलिसी पाहिल्या; स्वस्त पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या रोज एक टक्क्याची मर्यादा आहे. केवळ तेवढ्यासाठी जास्त हप्ता भरावा का?

पहिला प्रतिसाद: भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ही अट खोलीपुरती राहत नाही. तुमची मर्यादा रोज ५,००० रुपये होईल. आईंना ८,००० रुपयांच्या खोलीत ठेवले आणि रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार दर आकारत असेल, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा खर्चांचेही ६२.५ टक्केच मंजूर होऊ शकतात. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. माझ्या वडिलांच्या बिलात हे आम्हाला घरी सोडण्याच्या दिवशी कळले, आणि उरलेले पैसे त्याच संध्याकाळी उभे करावे लागले.

दुसरा प्रतिसाद: मधुमेह अर्जात अवश्य नोंदवा. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजाराचा दावा मंजूर होत नाही) २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. काही पॉलिसींत तो कमीही असतो. को-पेमेंटही, म्हणजे दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, तपासा: ते २० टक्के असेल, तर दोन लाखांच्या मंजूर दाव्यात ४०,००० रुपये तुमचे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तिला ७० वर्षे पूर्ण झाल्यावर सरकारी योजना मिळेल का?

दुसरा प्रतिसाद: होय. आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वार्षिक पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेशी संलग्न रुग्णालयांतच.