मदत हवी आहे: रानटी भाताच्या संकरातले भ्रूण जगत नाहीत

नमस्कार मंडळी. भाताचा स्वर्णा वाण मादी धरून त्यावर ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानटी भाताचे पराग टाकतोय. तपकिरी तुडतुड्यांना दाद न देणारी जनुकं त्या रानटी भातात आहेत, म्हणून हा खटाटोप. गुणसूत्रं दोघांची 24च, पण स्वर्णा एए जीनोमची (म्हणजे गुणसूत्रांचा संच एए प्रकारचा) आणि हा सीसी, त्यामुळे जोड्या नीट जुळत नाहीत. ओरायझा निवारा या रानटी भातासारखा एए गटातला असता तर साध्या संकरावर भागलं असतं.

दाणा धरतो, पण भ्रूणपोष (भ्रूणाला अन्न पुरवणारा दाण्यातला भाग) पाणचट राहून सुकतो. म्हणून परागीभवनानंतर बाराव्या दिवसाच्या आसपास भ्रूण काढून पाव ताकदीच्या एमएस (मुराशिगे-स्कूग) पोषक माध्यमावर अंधारात ठेवतो. काही फुगतात, कोंबही दिसतो, मग तपकिरी पडून मरतात. बुरशी नाही, ते तपासलंय.

भ्रूण आणखी लवकर काढावा का? साखर वाढवावी? उजेडात नेमकं कधी आणता?

शिवाय पहिली पिढी वांझ निघणार हे धरूनच चाललोय. मग थेट स्वर्णाशी प्रतिसंकर (म्हणजे पुन्हा स्वर्णाशीच संकर), की आधी कोल्चिसिननं गुणसूत्रं दुप्पट? आमचे गाईड सर कोल्चिसिनच्या बाजूचे, मला प्रतिसंकर बरा वाटतो. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर लवकर सांगा, फुलोरा संपत आलाय.