पाच जणांच्या टीमला चौदा सर्व्हिसेस कशाला?

कर्वेनगर_बॅकएंड

दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. बाणेरच्या एका नव्या स्टार्टअपचा आर्किटेक्ट लिहितो की त्यांच्या पाच जणांच्या टीमनं पहिल्या दिवसापासून चौदा मायक्रोसर्व्हिसेस (एकाच ॲपचे स्वतंत्र चालणारे छोटे तुकडे), त्यांच्यातले मेसेज वाहणारं काफ्का आणि ते तुकडे चालते ठेवणारं कुबरनेटिस उभं केलं, आणि ज्यांना मोठं व्हायचंच नाही त्यांनी खुशाल मोनोलिथ, म्हणजे सगळं एकाच ॲपमध्ये, लिहीत बसावं. खाली नुकती पास झालेली मुलं "सर, रोडमॅप द्या" म्हणतायत. ही मुलं उद्या आपल्याच टीममध्ये येणार आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

ऑर्डर घेतली, स्टॉक कमी केला, इन्व्हॉइस काढलं. एका डेटाबेसमध्ये हे तिन्ही एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, म्हणजे तिन्ही होतात नाहीतर एकही नाही. मध्येच फाटलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत, विषय संपला. हेच तीन सर्व्हिसेस आणि तीन डेटाबेसमध्ये वाटलं की रोलबॅक हातात राहत नाही. मग सागा लिहा, म्हणजे काम पायऱ्यापायऱ्यांनी करा. कल्पना १९८७ च्या पेपरमधली आहे आणि चांगली आहे, पण प्रत्येक पायरीची उलटी पायरी लिहावी लागते आणि ती उलटी पायरीसुद्धा फेल होऊ शकते. म्हणून रिट्राय, पुन्हा प्रयत्न. रिट्रायमुळे तीच ऑर्डर दोनदा जाऊ नये म्हणून आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट ओळखायची खूण). मेसेज हरवू नये म्हणून आउटबॉक्स टेबल, आधी तिथे नोंद, मग पाठवणी. पाचातले दोघं वर्षभर एवढंच करत बसणार, आणि गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही.

एका रिक्वेस्टच्या वाटेत दहा सर्व्हिसेस आहेत आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू आहे असं धरा. दहाही चालू असल्या तरच उत्तर मिळणार असेल तर गुणाकार ९९ टक्क्यांवर येतो. महिन्याला पाऊण तासाच्या आत असलेला बंद काळ सात तासांवर गेला, आणि यात कोणी बग लिहिलेला नाही.

"मोठे असंच करतात" हे तर ऐकवत नाही. नेटफ्लिक्सनं ही वाट धरली ती २००८ मध्ये डेटाबेस करप्ट होऊन तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत त्यानंतर, आणि क्लाउडवर जाणं पुरं झालं २०१६ च्या सुरुवातीला. आधी धंदा वाढला, मग दुखणं आलं, मग इतकी वर्षं औषध चाललं. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांचा मायक्रोसर्व्हिसेसवरचा २०१४ चा लेख सगळे फॉरवर्ड करतात. त्यांनीच २०१५ मध्ये "आधी मोनोलिथ करा" असं लिहिलंय, ते कोणी पाठवत नाही.

एका घरात राहणाऱ्या पाच जणांनी पाच सिलिंडर आणून पाच चुली मांडाव्यात असा हा प्रकार आहे.

खराडी_प्लॅटफॉर्म

साफ असहमत. पाच जणांच्या घराला एकाच वेळी जेवायचं असतं म्हणून एक चूल पुरते. टीम्सना एकाच वेळी जेवायचं नसतं.

मी साठ जणांच्या एका रेपोमध्ये (सगळ्यांचा कोड एकाच ठिकाणी) काम केलंय. रिलीज गुरुवारी रात्री. कोणीतरी पीडीएफचं टेम्पलेट बदललं, टेस्ट लाल झाली, की पेमेंटवाल्यांचं तयार काम पुढच्या गुरुवारवर. एकाचं रोलबॅक करायचं तर सगळ्यांचं होतं. रिपोर्ट मॉड्यूलनं मेमरी खाल्ली की लॉगिन बंद. कोणत्या टेबलाला कोण हात लावतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण सगळेच लावत होते. तुमचं ते सुंदर ट्रान्झॅक्शन बारा टेबलांवर लॉक धरून बसायचं आणि महिनाअखेरीला डेडलॉकची, म्हणजे एकमेकांसाठी अडकून पडलेल्या ट्रान्झॅक्शन्सची, रांग लागायची.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की सिस्टमचा आकार ती बांधणाऱ्या संस्थेतल्या बोलण्याचालण्यासारखा होतो. टीम वेगळ्या असतील तर सिस्टम वेगळी होणारच. नीट ठरवून होऊ द्या, नाहीतर कशीही होते.

कर्वेनगर_बॅकएंड

साठ जणांचं तुम्ही सांगताय. मी पाच जणांचं लिहिलंय, शीर्षकातच आहे.

आणि रिपोर्टनं लॉगिन पाडायला मोनोलिथ जबाबदार कसा? कोड एकच ठेवा, प्रोसेस वेगळे चालवा. वेबचे वेगळे, रिपोर्टच्या वर्करचे वेगळे. त्याला नवा रेपो लागत नाही. बारा टेबलांवर लॉक धरणारं ट्रान्झॅक्शन ज्यानं लिहिलं तो सर्व्हिसेसमध्येही बारा कॉलची साखळी लिहील. ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायसारख्या कंपनीनं रेल्स या फ्रेमवर्कमधला मोनोलिथ न तोडता आतल्या आत मॉड्यूलच्या भिंती घातल्या. शिस्त कोडमध्ये आणता येते, मध्ये नेटवर्क घालायलाच पाहिजे असं नाही.

औंध_देवऑप्स

अॅमेझॉन प्राइम व्हिडिओनं २०२३ मध्ये मायक्रोसर्व्हिसेस सोडून मोनोलिथ केला आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. अजून काय पुरावा पाहिजे?

खराडी_प्लॅटफॉर्म

मूळ लेख वाचा. पूर्ण प्राइम व्हिडिओ नव्हे, ऑडिओ-व्हिडिओचा दर्जा तपासणारं एक टूल होतं. व्हिडिओच्या फ्रेम्स स्टोरेजमध्ये टाकून एका पायरीवरून दुसरीकडे न्यायचे आणि प्रत्येक पायरीचे पैसे लागायचे. ते एका प्रोसेसमध्ये आणलं. योग्यच केलं. त्यावरून सगळ्या जगानं मोनोलिथ करावा हे कुठून निघालं?

औंध_देवऑप्स

बरं, एक टूल. पण ते फोडलेलं होतं आणि परत जोडलं, एवढं तरी मान्य करा.

जुनी_डीबीए

फुशारकी चौदा स्वतंत्र डेटाबेसची मारतात आणि खर्च वाचवायला सगळे एकाच इन्स्टन्सवर (डेटाबेस सर्व्हरवर) ठेवतात. प्रत्येक सर्व्हिसचा दहा कनेक्शनचा पूल (कायम उघडी ठेवलेली कनेक्शन्स), चौदा दाहे एकशे चाळीस. पोस्टग्रेस या डेटाबेसची डिफॉल्ट मर्यादा १००, आणि तिथे प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळा प्रोसेस. मग मला फोन येतो की डेटाबेस स्लो आहे. डेटाबेस स्लो नसतो हो.

फेज_३_वाला

माझं दुखणं वेगळंच आहे. परवा एका ऑर्डरचं काय झालं ते शोधायला पाच सर्व्हिसेसचे लॉग उघडले. दोन आयएसटीत (भारतीय वेळ), दोन यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ), एक अमेरिकेतल्या क्लाएंटच्या ईस्टर्न टाइममध्ये. रात्री दोन वाजता साडेपाच वजा करा, साडेनऊ वजा करा. रिक्वेस्टचा माग ठेवणारा ट्रेस आयडी मध्येच एका सर्व्हिसनं गाळलेला. माझं म्हणणं, भारतातला धंदा आहे तर सरळ सगळीकडे आयएसटी ठेवा. आपलं घड्याळ तर कधी बदलत नाही.

जुनी_डीबीए

नाही नाही नाही. कृपा करून हे नव्या मुलांना शिकवू नका. यूटीसीत साठवा, दाखवताना बदला. यावर चर्चा नाही. आणि कधी बदलत नाही असं नाही, १९४२ ते १९४५ युद्धाच्या काळात आपलं घड्याळ तासभर पुढे होतं.

फेज_३_वाला

ताई, १९४२ ची इन्व्हॉइस मला काढायची नाहीयेत. १ एप्रिलची काढायचीयेत. रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधलं प्रत्येक बिल यूटीसीत ३१ मार्चचं होतं. रिपोर्टवाल्यानं तारखेनुसार ग्रुप केलं आणि बिलं गेल्या आर्थिक वर्षात गेली. हे आमच्याकडे झालंय. तुम्ही कधी ऑडिटरसमोर बसला आहात का?

जुनी_डीबीए

बसलेय, आणि तुमच्या जन्माआधीपासून डेटाबेस सांभाळतेय, तेव्हा तो प्रश्न मला विचारू नका. दोष यूटीसीचा नाही, क्वेरीत टाइमझोन न लिहिणाऱ्याचा आहे. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनवाला टाइमस्टँप (तारीख-वेळेचा कॉलम) आत यूटीसीतच असतो आणि सेशनच्या झोनप्रमाणे दिसतो. ग्रुप करण्याआधी एशिया/कोलकातामध्ये बदला, काम झालं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर अजून डोळे उघडे पाहिजेत. तिथे टाइमस्टँप यूटीसीत बदलून साठवतात, डेटटाइम जसाच्या तसा राहतो. एकाच स्कीमात (टेबलांच्या रचनेत) दोन्ही वापरणारे लोक मी पाहिलेत. त्यात टाइमस्टँप १९ जानेवारी २०३८ ला संपतो आणि आज वीस वर्षांच्या होमलोनचे हप्ते त्यात टाकतायत.

टेस्टिंगवाली

ताईंशी बहुतेक सहमत, पण "सगळं यूटीसीत" हेसुद्धा अर्धंच. झालेल्या घटनेला यूटीसी ठीक. पुढच्या अपॉइंटमेंटला नाही. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असतो आणि नोव्हेंबरात साडेआठला जातो, हे हिंजवडीत प्रत्येकाला माहीत आहे. कॅलेंडरमध्ये यूटीसी गोठवलात तर नोव्हेंबरात तिकडचा माणूस एकटाच बसून राहील. तिथे स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही ठेवावं लागतं.

जुनी_डीबीए

भविष्यातल्या वेळेचं बरोबर आहे. तेवढंच.

भोसरी_ईआरपी

तुम्ही सगळे ऑफिसातली तारीख धरून बोलताय. मी भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. तिसरी पाळी रात्री साडेअकराला सुरू होते आणि सकाळी सातला सुटते. पहाटे तीनला निघालेला माल कालच्या तारखेचा आहे, कारण पाळी कालची आहे. कामगाराचा ओव्हरटाइम कालच्या हजेरीवर लागतो. तुमचा यूटीसी इथे उपयोगाचा नाही आणि तुमचा आयएसटीही नाही. एका ठिकाणी आमच्या आधीच्या लोकांनी पाळीची तारीख वेळेवरून काढली होती. रात्रपाळीच्या माणसांची एकेक हजेरी दोन दिवसांत तुटली आणि पगार कमी निघाला. माणसं गेटवर जमली होती. तिथे कोणाला इंडेक्स आणि टाइमझोन समजावणार?

आता आम्ही पाळीची तारीख वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो. नोंद होते तेव्हाच ठरते, नंतर कुणी काढत नाही. घटनेची वेळ यूटीसीत, शेजारी धंद्याची तारीख. बिलाचंही तसंच करा, ३१ मार्चचा वादच राहणार नाही.

फेज_३_वाला

हे पटलं. पण मग ती तारीख ठरवणार कोण? आमच्याकडे ऑर्डर सर्व्हिस वेगळी ठरवते, बिलिंग वेगळी, आणि रिपोर्टवाल्यांचा तिसराच नियम आहे. तीन रेपो, तीन टीम, तीन भाषा.

कर्वेनगर_बॅकएंड

दोन दिवस तुम्ही टाइमझोनवर भांडताय आणि मी हेच सांगतोय! हा नियम एका फंक्शनमध्ये बसतो. एका कोडबेसमध्ये असता तर बदलायला एक दुपार लागली असती. चौदा ठिकाणी असेल तर आधी मीटिंग, मग कॉमन लायब्ररी, मग तिची व्हर्जन्स, आणि एक टीम कायम जुन्या व्हर्जनवर. रात्रपाळीवाल्याच्या पगाराचा नियम कुठे लिहिलाय ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

खराडी_प्लॅटफॉर्म

आमच्या साठ जणांच्या मोनोलिथमध्ये तारखेचा नियम चार फंक्शन्समध्ये होता. रेपो एक म्हणून नियम एक होत नाही.

कर्वेनगर_बॅकएंड

चारही सापडली ना? एका सर्चमध्ये?

खराडी_प्लॅटफॉर्म

सापडली. एवढं देतो तुम्हाला. पण बदलायला तीन टीमची परवानगी लागली, तेही लिहा.

नवशिका_बॅकएंड

सगळ्या दादा-ताईंना एक विचारायचंय. इंटरव्ह्यूत मला लाखो युजर्सचं चॅट ॲप डिझाइन करायला सांगतात. तिथे "एक डेटाबेस, एक ॲप" म्हटलं की पुढच्या राउंडला बोलावत नाहीत. मग त्या पोस्टमधलं नाही शिकायचं तर काय शिकायचं?

टेस्टिंगवाली

इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनीच याचा विचार करावा. आम्ही आता विचारतो की रोज पाचशे ऑर्डर येणाऱ्या दुकानाचं सॉफ्टवेअर कर, आणि पेमेंट झालं पण ऑर्डर पडली नाही तर काय करशील ते सांग. यात निम्मे लोक अडकतात. तू आयडेम्पोटन्सी, ट्रान्झॅक्शन आणि इंडेक्स पक्के कर. काफ्का महिन्याभरात शिकशील.

औंध_देवऑप्स

आणि विचारणाऱ्याला उलटं विचार, सेकंदाला रिक्वेस्ट किती? बऱ्याचदा त्यांनी आकडा ठरवलेलाच नसतो.

खराडी_प्लॅटफॉर्म

माझा मुद्दा हरवू नये म्हणून परत लिहितो. ती बाणेरवाली पोस्ट मलाही पटलेली नाही. पाच जणांना चौदा म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात जवळजवळ तीन सर्व्हिसेस आणि त्यांचा ऑन-कॉल (रात्री-बेरात्री फोन उचलायची पाळी). पण "कधीच तोडू नका" शिकलेल्या लोकांनी पुढे आम्हाला तो साठ जणांचा गोळा दिला, आणि तो तोडताना माझ्या टीममधले तिघं नोकरी सोडून गेले. मॉड्यूलच्या भिंती पहिल्या वर्षी घातल्या असत्या तर इतकं दुखलं नसतं. भिंती म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलच्या टेबलाला थेट जॉइन (दोन टेबलं एका क्वेरीत जोडणं) नाही, आणि बिल्डनंच ते अडवायचं. रिव्ह्यूवर सोडलं तर डेडलाइनच्या आठवड्यात भिंत पडते.

कर्वेनगर_बॅकएंड

बिल्डनं अडवायचं, हे मान्य. जॉइनबद्दल नाही. पाच जणांच्या प्रॉडक्टमध्ये रिपोर्टला जॉइन लागतोच, नाहीतर तीन ठिकाणचा डेटा कोडमध्ये जोडत बसाल.

जुनी_डीबीए

रिपोर्टला रीड रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची फक्त वाचायची प्रत, द्या आणि तिथे हवे तेवढे जॉइन करा. लिहिण्याच्या वाटेवर करू नका.

खराडी_प्लॅटफॉर्म

रिपोर्टपुरतं चालेल. आणि काही वेगळं काढायचंच असेल तर आधी एसएमएस-ईमेल पाठवणारा भाग काढा. तो पडला तर रोलबॅक लागत नाही, रांगेतले मेसेज तासाभरानं जातात. पेमेंट आणि स्टॉक सगळ्यात शेवटी. त्या पोस्टवाल्यांनी तर पहिल्या दिवसापासून सगळंच वेगळं काढलंय.

कर्वेनगर_बॅकएंड

एसएमएसचा भाग वेगळा काढायला माझी हरकत नाही. ओटीपी मात्र त्या रांगेत टाकू नका, तासाभरानं आलेल्या ओटीपीनं कोणी लॉगिन करत नाही. आणि ज्यानं वेगळं काढलं त्यानंच रात्री त्याचा फोन उचलायचा, हे लिहून घेतलं असेल तरच.