रोजची बारीकसारीक कोडिंगची कामं – सगळ्यांनी पायथनच का धरू नये?

पेठेतला_कोडर

पुण्यात ज्या घरात कोणी आयटीत नाही असं घर शोधायला लागतं, आणि तरी सोसायटीच्या याद्या, मंडळाची वर्गणी, वाचनालयाचे सभासद ही सगळी कामं अजून हाताने कॉपी-पेस्ट करून चालतात. ज्याला कोडिंग येतं तोसुद्धा म्हणतो की एवढ्याशा कामाला कोण प्रोग्रॅम लिहीत बसणार. त्याच्या डोक्यात प्रोग्रॅम म्हणजे प्रोजेक्ट, क्लास, बिल्ड, डिप्लॉयमेंट. वीस-पंचवीस ओळीत काम संपवून जेवायला जाता येतं हे ऑफिसात कोणी शिकवतच नाही.

आता एक खरं काम सांगतो. पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची सभासद यादी एक करायची होती. एक यादी डीटीपीवाल्याकडची, श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेली, एक एक्सेलमध्ये, आणि एक व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी टाइप करून पाठवलेली. वर्गणीचे आकडे काही इंग्रजीत काही मराठीत. पायथन या भाषेत सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) वाचायचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) आयतं आहे, आणि मराठी आकडे त्याच्या इंट (मजकुराचा आकडा करणाऱ्या) फंक्शनला दिले की ते सरळ आकडा समजतं, १५० लिहा नाहीतर इंग्रजीत लिहा, त्याला फरक पडत नाही. साधारण सारखी दिसणारी नावं शोधायला डिफलिब आहे, तेही सोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही. एक्सेलमध्ये परत उघडताना मराठीचा कचरा दिसू नये म्हणून फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) युटीएफ-८-सिग द्यायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

माझं म्हणणं एवढंच की शेल (आज्ञा टाइप करून काम करायची सोय) थोडं, ऑक (ओळींमधले कॉलम काढायचं हत्यार) थोडं, पर्ल (मजकुरावर काम करायची जुनी भाषा) थोडं असं दहा ठिकाणी हात घालण्यापेक्षा एक भाषा नीट धरावी आणि ती पायथन असावी. कॉलेजच्या पोरांना आणि आयटीत नसलेल्यांनाही हेच सांगावं असं मला मनापासून वाटतं.

चाकण_शिफ्ट

अजिबात पटलं नाही. तुम्ही घरच्या लॅपटॉपवर काम केलंत म्हणून पायथन सोपं वाटलं. आमच्याकडे शॉप फ्लोअरवरच्या मशीनला इंटरनेट नाही, काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, आणि मशीनचा लॉग म्हणजे लाखो ओळींची टेक्स्ट फाइल. कुठला अलार्म किती वेळा आला हे शिफ्ट संपायच्या आत सांगायचं असतं. ऑकने कॉलम काढा, सॉर्ट करा, युनिकने मोजा, परत सॉर्ट करा, झालं. एक ओळ. ती ओळ टाइप होईपर्यंत पायथनवाला अजून फाइल ओपन करायची ओळ लिहीत असतो. विंडोज असलं आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) टाकलेलं असलं तरी त्याच्यासोबत बॅश (एक शेल) आणि ऑक येतातच.

आणि ही काही माझी एकट्याची आवड नाही. १९८६ साली जॉन बेंटलीने नावाजलेल्या संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथला एक काम दिलं होतं, मजकुरातले सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द मोजून दाखवा. कनुथने पास्कलमध्ये पानंच्या पानं सुंदर प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याचं परीक्षण करताना युनिक्सवाल्या डग मॅकिलरॉयने तेच काम सहा ओळींच्या शेल पाइपलाइनमध्ये (एका आज्ञेचं उत्तर पुढचीला देणाऱ्या साखळीत) करून दाखवलं. टीआर (अक्षरं बदलणारं), सॉर्ट, युनिक, सेड (ओळी निवडणारं), बस. ऑक १९७७ चं आहे. एवढी वर्षं टिकलेली हत्यारं पोरांना शिकवू नका म्हणणं म्हणजे त्यांचं नुकसान आहे.

पेठेतला_कोडर

@चाकण_शिफ्ट तुमच्या लॉगला चालेल, तो इंग्रजीत आहे. मॅकिलरॉयची ती पाइपलाइन मराठी मजकुरावर चालवून बघा. त्यात ए ते झेड सोडून बाकी सगळं उडवा अशी पहिलीच आज्ञा आहे, म्हणजे मराठीचं एक अक्षर शिल्लक राहत नाही. बरं आपण ती बदलून देवनागरी टाकू म्हटलं तर लिनक्सवरचा ग्नू टीआर अक्षर बघत नाही, बाइट (साठवणीचं छोटं एकक) बघतो, आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. उबुंटूत (लिनक्सच्या एका प्रकारात) ऑक म्हणून बऱ्याचदा मॉक (ऑकची एक आवृत्ती) असतो, त्याला ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारा, १२ सांगेल. पायथन ४ सांगतो, प, उकार, ण, मात्रा. वाचणाऱ्याच्या हिशोबाने अक्षरं दोनच आहेत हे खरं, पण ४ वरून २ वर यायचा रस्ता तरी आहे, १२ वर काय करणार?

जुना_पर्लवाला

मराठी मजकुराचा विषय निघालाच आहे तर बोलतो, कारण इथेच पायथनवाल्यांचं मला सगळ्यात जास्त खटकतं.

पायथनच्या नेहमीच्या आरई (मजकुरात नमुना शोधायच्या) मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’, वापरून ‘पुणे’ मधून शब्द काढायला सांगा. तो तुम्हाला ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे देईल. उकार आणि मात्रा त्याच्या लेखी शब्दाचा भागच नाहीत! काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळ्यावर शब्द तुटतो. अनेकांनी मराठी लेखांची शब्दगणती अशीच केलेली असते आणि निकालात सुटी व्यंजनं भरलेली असतात. पर्लमध्ये तोच बॅकस्लॅश डब्ल्यू ‘पुणे’ अख्खा उचलतो, कारण तिथे जोडचिन्हं शब्दात धरलेली आहेत. फक्त इनपुट-आउटपुट युटीएफ-८ आहे हे आधी सांगायला लागतं.

दुसरं, क्रम लावणं. वाचनालयाची यादी म्हणजे अकारविल्हे हवीच. पायथनचं सॉर्टेड युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक तक्त्याच्या) नंबराप्रमाणे लावतं आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर बसवलाय. म्हणजे ‘काळे’ आधी आणि ‘कासार’ नंतर. आपल्या शब्दकोशात ळ ह च्या नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. पर्लसोबत युनिकोड कोलेट येतं आणि त्यात मराठीचा लोकेल (त्या भाषेचे क्रमाचे नियम) आहे, त्याला सांगितलं की ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर. पायथनला यासाठी आयसीयूचं (युनिकोडच्या कामांचं) बाहेरचं पॅकेज लागतं, आणि ते नवख्या माणसाला विंडोजवर टाकायला सांगा, संध्याकाळ जाते.

आणि टिकाऊपणाचं म्हणाल तर लॅरी वॉलने पर्ल १९८७ मध्ये आणलं, पर्ल ५ आलं १९९४ मध्ये, आणि आजही चालतंय ते ५ च आहे. पुढचं म्हणून जे सहा काढलं त्याचं नाव २०१९ मध्ये बदलून राकू केलं, म्हणजे जुन्या स्क्रिप्टांना (छोट्या प्रोग्रॅमांना) धक्का नाही. पायथनने २००८ मध्ये तीन काढलं आणि २०२० उजाडताना दोन बंद केलं, साधं प्रिंटसुद्धा बदललं, लोकांच्या किती चालत्या स्क्रिप्टा निकामी झाल्या. रोजच्या कामाची स्क्रिप्ट अशी असावी की लिहिली की दहा वर्षं तिच्याकडे बघायला लागू नये.

ताळेबंद_सदाशिव

मी सीए आहे, कोडर नाही. तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय, उद्या तुम्ही बंगळुरूला गेलात की ती स्क्रिप्ट कोण चालवणार? वाचनालयाच्या चिटणीसांना एक्सेल येतं. २०१६ पासून एक्सेलमध्येच पॉवर क्वेरी आहे, तीन याद्या जोडा, दुबार काढा, प्रत्येक पायरी उजवीकडे लिहिलेली दिसते, पुढच्या महिन्यात नवीन फाइल ठेवून रिफ्रेश दाबा. कोणाला विचारायला नको.

जुना_पर्लवाला

@ताळेबंद_सदाशिव साहेब पॉवर क्वेरी चांगलीच आहे, पण त्याआधी डबल क्लिक करून सीएसव्ही उघडली की सभासद क्रमांकाच्या पुढची शून्यं गेली, आणि पंधरापेक्षा जास्त आकडी नंबरातले पंधराव्याच्या पुढचे आकडे एक्सेल शून्य करून टाकतं. सेव्ह केलं की मूळ कायमचं गेलं. चिटणीस डबल क्लिकच करणार ना?

ताळेबंद_सदाशिव

चिटणीसांना एकदा दाखवलं की डेटा टॅबमधून आणतात, एवढी माणसं अडाणी नसतात. माझा मुद्दा काम कोणाच्या ताब्यात राहतं हा आहे.

खराडीकर

ताब्याचा मुद्दा आला म्हणून लिहितेय. मी जावावाली आहे आणि स्क्रिप्टिंगच्याच विरोधात आहे, निदान ज्या कामावर दुसरं कोणी अवलंबून आहे तिथे तरी. आमच्या आधीच्या एका कंपनीत रात्रीचा एक रिपोर्ट कोणाच्यातरी ‘एवढ्याशा’ पायथन स्क्रिप्टवर चालायचा, ती त्याच्या मशीनवर क्रॉनला (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीला) लावलेली, तो माणूस नोकरी सोडून गेला, लॅपटॉप फॉरमॅट झाला आणि रिपोर्ट का येत नाही हे शोधण्यात टीमचे हाल झाले. गिटमध्ये नाही, टेस्ट (उत्तर बरोबर येतंय का हे आपोआप तपासणारा कोड) नाही, कुठल्या फंक्शनला आकडा जातोय की स्ट्रिंग (नुसता मजकूर) हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. पंचवीस ओळींची स्क्रिप्ट पंचवीस ओळींची राहतच नाही हो, तिला यश मिळालं की ती वाढते, आणि मग वाढलेल्या स्क्रिप्टला टाइप (कुठे आकडा, कुठे मजकूर हे आधीच लिहून ठेवणं) नसतात.

आणि जावा म्हणजे प्रोजेक्ट आणि बिल्ड हे जुनं झालं. २०१८ च्या जावा ११ पासून एकच सोर्स फाइल थेट चालवता येते, कंपाइलची वेगळी पायरी नाही. मराठी आकड्यांचं जे कौतुक केलंत ते जावाच्या पार्सइंटलाही (तिथल्या इंटसारख्या फंक्शनलाही) समजतात.

पेठेतला_कोडर

@खराडीकर ताई, तुमच्या किश्श्यात दोष भाषेचा कुठे आहे? तेच काम जावात लिहून त्याच लॅपटॉपवर क्रॉनला लावलं असतं तरी लॅपटॉप फॉरमॅट झालाच असता. गिटमध्ये टाका हे शंभर टक्के मान्य, मी वाचनालयाची स्क्रिप्ट आणि ती कशी चालवायची याचं अर्ध्या पानाचं मराठी टिपण दोन्ही तिथल्या कॉम्प्युटरवर ठेवलंय. आणि चालवून बघता येतं हाच तर फायदा आहे, प्रॉम्प्टवर एक ओळ लिहिली, उत्तर बघितलं, पुढची लिहिली.

@जुना_पर्लवाला काका, बॅकस्लॅश डब्ल्यूचा मुद्दा बिनतोड आहे. मी तिथे देवनागरीची रेंजच देतो, ०९०० ते ०९७एफ, किंवा रीजेक्स नावाचं बाहेरचं मॉड्यूल घेतो, त्यात अख्खं अक्षर ओळखायची सोय आहे. क्रमाचंही खरं, ळ साठी मी क्रम ठरवायचा स्वतःचा नियम लिहिला, दहा-बारा ओळी गेल्या. पण आता पर्लचं बघा. ‘१५०’ ही मराठीतली स्ट्रिंग घेऊन पर्लमध्ये बेरीज करा, शून्य धरली जाते! त्याचा बॅकस्लॅश डी, म्हणजे ‘कुठलाही आकडा’, मराठी आकड्याला आकडा म्हणून हो म्हणतो, आणि बेरीज करताना तोच आकडा शून्य. म्हणजे तपासणी पास आणि हिशोब चूक. वर्गणीच्या यादीत यापेक्षा वाईट काय असणार?

जुना_पर्लवाला

वॉर्निंग चालू ठेवली तर तो लगेच सांगतो की हा आकडा नाही. आणि युनिकोड यूसीडी या मॉड्यूलमध्ये नम फंक्शन आहे, ते मराठी आकड्याचं मूल्य देतं, तेही सोबतच येतं. पण बरं झालं हा प्रश्न काढलात. खरी परीक्षा या असल्याच गोष्टींची घ्यायला हवी, बाहेरच्यांनी इंग्रजी मजकुरावर वेग मोजून काढलेले तक्ते आपल्या काय कामाचे.

आता मला सांगा, ‘कऱ्हाडे’ आडनावाचं काय केलंत? हा ऱ्ह दोन तऱ्हेने टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (जोडणी सांगणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, आत वेगळे. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं एकसारखं करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. कुठल्याही भाषेचं असो, हे आपणच सांगायला लागतं.

पेठेतला_कोडर

बरोब्बर तेच झालं, कऱ्हाडे आणि बऱ्हाटे दोन्ही दुबार येत होते, समितीतले म्हणायला लागले की नावं तर एकच दिसतायत. र-हलन्त-झेडडब्ल्यूजे आलं की त्याचं ऱ-हलन्त करा अशी एक रिप्लेसची ओळ सगळ्यात वर टाकली. श्रीलिपीच्या यादीचं त्याहून अवघड, तिथे अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली, तक्ता करून एकेक बदलायचं, वर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते ती उचलून मागे न्यायची, आणि रफार उलट मागून पुढे. जोडाक्षर आलं की वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या मागे जायला हवी. पायथनमध्ये हे वाचता येईल असं लिहिता आलं, पुढचा माणूस बघून तक्त्यात एक ओळ वाढवू शकतो. हेच पर्लच्या रेगेक्समध्ये (नमुना शोधायच्या खुणांमध्ये) तुम्ही निम्म्या ओळीत कराल, पण ते चिटणीसांच्या पुतण्याला, जो सेकंड इयरला आहे, त्याला कळेल का?

चाकण_शिफ्ट

मराठी मजकुराला शेल नको, हे आज पटलं. पण मग धाग्याचं नाव ‘सगळ्यांनी पायथनच’ असं नको. आमच्या लाइनवर मराठी मजकूर येत नाही आणि पायथनही येत नाही.

खराडीकर

@पेठेतला_कोडर ती ऱ ची ओळ आणि वेलांटीचा नियम, त्यांच्या टेस्ट आहेत का? कऱ्हाडे, बऱ्हाटे, आणि जोडाक्षरावर वेलांटी असलेलं एखादं नाव, ‘अस्मिता’ घ्या, तीन ओळी पुरतील. पुतण्याने तक्त्यात ओळ वाढवली आणि अस्मिताचं काहीतरी भलतंच झालं तर त्याला कोण सांगणार? माझा टाइपांचा आग्रह तुम्हाला पटत नसेल तर निदान एवढं करा, मग मी जावाचं नाव काढणार नाही.

पेठेतला_कोडर

टेस्ट आज रात्री टाकतो, ‘अस्मिता’सकट. जावा नको.

जुना_पर्लवाला

मला तक्ता आणि एक पान मूळ श्रीलिपीचा मजकूर द्या, नावं-पत्ते बदलून. पर्लमध्ये लिहून देतो, लांब आणि कळेल असं, निम्म्या ओळीचा हट्ट न धरता. मग त्या सेकंड इयरच्या मुलालाच दोन्ही वाचायला द्या.